एक बटण आणि चार भोंगे

रमजान सुरू झाला की आमच्या भागात दोन तक्रारी एकाच वेळी कानावर येतात. मशिदीच्या शेवटच्या रांगेतले चाचा म्हणतात, "तरावीहमध्ये इमामसाहेबांचा आवाजच पोहोचत नाही." मागच्या गल्लीतली ताई म्हणते, "पोरीची दहावी आहे, आवाज जरा कमी करा की." गेली दोन-तीन वर्षे रमजान आणि दहावीची परीक्षा जवळजवळ एकत्रच येतात. कळंबसारख्या गावात मशीद, मंदिर, शाळा आणि घरे यांत अंतर तरी किती? दोघांचेही म्हणणे खरे आहे.

मग भांडण कशाचे? बहुतेक ठिकाणी ते एका बटणाचे असते. अ‍ॅम्प्लिफायरचे मुख्य बटण फिरवले की सगळे स्पीकर एकदमच वाढतात किंवा एकदमच कमी होतात. चाचांसाठी वाढवला की ताईच्या खिडकीत घुमतो, ताईसाठी कमी केला की चाचा हिरमुसतात.

यावर इलाज जुना आहे आणि तो वायरिंगमध्ये आहे. 100 व्होल्टच्या लाइनवर सगळे स्पीकर समांतर जोडतात आणि प्रत्येकाला स्वतःचा लाइन ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर 5, 10, 20 वॉट असे टॅप असतात. आतल्या स्पीकरला 10 चा टॅप, गल्लीकडच्या भोंग्याला सर्वांत लहान, असे प्रत्येकाचे वेगळे ठरवता येते. रोज कमी-जास्त करायचे असेल, तर त्या स्पीकरच्या लाइनवर त्याच्या वॉटेजला पेलेल असे व्हॉल्यूम कंट्रोल बसवावे. रेडिओतले साधे बटण तिथे चालत नाही, ते जळते. सगळ्या टॅपची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या क्षमतेच्या आतच हवी.

एक हिशेब मात्र लक्षात ठेवावा. वॉट निम्मे केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने उतरतो. कानाला तो निम्मा वाटावा, तर वॉट साधारण दहाव्या हिश्श्यावर आणावे लागतात. उघड्यावर मात्र अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने घटतो. म्हणून छपरावर एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा रांगांजवळ चार लहान स्पीकर बरे. ऐकणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते आणि शेजाऱ्याला त्रास होत नाही.

कायदाही हेच मागतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. सहरीची पुकार याच वेळेत येते. आता प्रत्येक घरात मोबाइलचा गजर आहे, त्यासाठी भोंग्याची गरज उरलेली नाही. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा यंत्रातच आवाजाची मर्यादा बांधून देण्याचा मार्गही न्यायालयाने सुचवला. हे सप्ताहाच्या मांडवाला आणि गणपतीच्या मंडळालाही तितकेच लागू आहे.

पण पोलीस येण्याची वाट कशाला पाहायची? कुरआनात लुकमान आपल्या मुलाला आवाज खाली ठेवायला शिकवतात. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचा असतो, मग तो आवाजाचा का नसावा? हमसायाचा हक्क आपल्याकडे मोठा मानला जातो, आणि तो हमसाया कोणत्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही.

म्हणून जमातींच्या जबाबदारांना एक विनंती आहे. ईदच्या रंगरंगोटीआधी एक संध्याकाळ वायरमनला बोलवा. तो टॅप बदलत असताना एकाने शेवटच्या रांगेत बसावे आणि दुसऱ्याने मागच्या गल्लीत, त्या ताईच्या दारात उभे राहावे. दोघांनीही मान डोलावली की आवाज बरोबर लागला, असे समजावे.