समुद्रावर आराम कुणाला?

दिवाळीची सुट्टी पंधरा दिवसांवर आली की स्टाफरूममधला विषय बदलतो. समोर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा असतो आणि मोबाइलवर एकमेकींना रिसॉर्टचे फोटो दाखवणे चालू असते. निळे पाणी, नारळाला बांधलेला झोपाळा, पूलच्या काठावरच्या आरामखुर्च्या. फोटोंवरून निवडायचे म्हटले तर सगळीच ठिकाणे सारखी दिसतात. म्हणून घरच्या सहलीसाठी जागा बघताना मी आधी एकच प्रश्न विचारते. तीन दिवसांनी परत येताना घरातल्या बायकांचा शीण उतरलेला असेल का?

भगिनींनो, हसू नका. आपल्याकडे समुद्रावरच्या सहलीचा हिशेब बहुतेक वेळा पुरुषमंडळी करतात आणि तो अलिबागकडे कुठेतरी स्वयंपाकघर असलेला बंगला घेण्यापाशी येऊन थांबतो. कारणे दोन. स्वस्त पडतो, आणि हलालची काळजी मिटते. मग गाडीत पातेली चढतात, मसाल्याचे डबे चढतात, मॅरिनेट केलेल्या चिकनचा डबा मांडीवर घेऊन जाऊबाई घाट उतरतात. तिथे पोहोचल्यावर मंडळी पाण्यात, मुले वाळूत, आणि घरातल्या तिघी-चौघी ओट्याशी. समुद्र खिडकीतून दिसतो. सोमवारी शाळेत "मॅडम, कसा झाला आराम?" असे कुणी विचारले तर काय सांगणार? माझे मत स्पष्ट आहे. बंगला घ्यायचाच असेल तर रांधायला गावातली बाई ठरवूनच घ्यावा, आणि तिची मजुरी बंगल्याच्या भाड्यातच धरावी. तेवढे परवडत नसेल तर तीनऐवजी दोनच दिवस जावे, पण ओट्यापासून लांब जावे.

आम्ही अकरा माणसे असतो. सासूबाई, आम्ही दोघे, दीर आणि जाऊबाई, नणंद आणि पाच मुले. एवढ्या लटांबराला गोवा किंवा तारकर्ली लांब पडते. तारकर्लीचे पाणी फार सुंदर, पण पुण्याहून मुलांना घेऊन जायचे तर जाण्यायेण्यातच दोन दिवस संपतात. आमची पसंती रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, म्हणजे दिवेआगर-श्रीवर्धनला. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असे सुमारे १६० किलोमीटर होतात. घाटात मुलांना उलट्या होतात, तेव्हा निघताना पोट हलके ठेवावे. मुंबईकरांना कोकण रेल्वेने माणगावला उतरून पुढे गाडी करता येते.

दिवेआगरचा किनारा सुमारे चार किलोमीटर लांब आणि सपाट. मागे सुरूची झाडे, त्यामागे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि वाड्यांमध्ये राहायच्या जागा. तीन-चार किलोमीटरवर बोर्ली पंचतन हे बाजाराचे गाव. तिथे आपली वस्ती आहे, मशीद आहे, मटण-चिकनची चिंता नाही. आणि खरे म्हणजे कोकणात जाऊन चिकन कशाला खायचे? मासळीला जबिहाचा प्रश्नच नाही. सुरमई, पापलेट, बोंबील, बरोबर तांदळाची भाकरी. स्वयंपाकघरात तळणीचे तेल आणि भांडी वेगळी वापराल का, एवढे आधी विचारले की झाले. घरगुती खाणावळवाल्या बायका हे सहज समजून घेतात, त्यांच्याकडे उपवासवाले आणि शाकाहारी पाहुणेही येतातच. आमच्या घरात भांडण होते ते वेगळ्याच गोष्टीवर. आम्ही हनफी आणि जाऊबाईंचे माहेर कोकणातले, शाफई. त्या कुर्ल्या मिटक्या मारत खातात आणि आम्ही बघत बसतो. कोळंबीवर तर दर वेळी नव्याने चर्चा होते. एक लक्षात ठेवावे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा जूनमध्ये ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली असते.

आता फोनवर काय विचारायचे ते. पहिल्या वाक्यातच आपले पूर्ण नाव सांगावे. नाव ऐकल्यावर ज्याच्या खोल्या एकदम भरतात, त्याच्याकडे जाऊन कळण्यापेक्षा फोनवरच कळलेले बरे. असे क्वचित होते, पण होते. बहुतेक लोक मात्र आदराने बोलतात. दुसरा प्रश्न, नुसत्या पुरुषांचे ग्रुप घेता का? 'फॅमिली रिसॉर्ट' ही पाटी सगळीकडे असते. शनिवारी रात्री शेजारच्या खोल्यांत बाटल्या आणि स्पीकर घेऊन आठ तरुण उतरले की त्या पाटीचा अर्थ कळतो. म्हणून आम्ही शक्यतो रविवारी दुपारी पोहोचतो आणि बुधवारी निघतो. गर्दी उतरलेली असते, दरही कमी असतो. शिक्षकी पेशाचे तेवढे एक सुख आहे.

तिसरा प्रश्न स्विमिंग पूलचा, आणि त्यावर जरा सविस्तर लिहावेसे वाटते. गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी (नाव घेत नाही) माझी चौदा वर्षांची भाची पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरली. पाच मिनिटांत शिट्टी वाजली. "हा ड्रेस चालणार नाही, बाहेर या." सगळ्यांच्या देखत. तिचा पोशाख नायलॉनचा होता, पोहण्यासाठीच शिवलेला. तिच्या शेजारी सुती बनियन घातलेले दोन काका निवांत डुंबत होते, त्यांना कुणी काही म्हटले नाही. उरलेले दोन दिवस ती काठावर भावंडांचे मोबाइल सांभाळत बसली. ते बसणे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पूलचा नियम मुळात चुकीचा नाही. सुती कापडाचे तंतू सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. सुती कापड घाम आणि मळ धरून ठेवते, मग क्लोरीन जास्त लागते. म्हणून सलवार-कमीज, साडी, जीन्स, बनियन यांना मनाई असते, आणि ती पाळलीच पाहिजे. पण नियम कापडाचा आहे, लांबीचा नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, अंगाला बेताचा बसणारा, पूर्ण बाह्यांचा आणि डोके झाकणारा पोशाख हे सगळे निकष पाळतो. बुर्किनी या नावाने तो ऑस्ट्रेलियात आहेदा झानेट्टी या बाईंनी २००४ मध्ये पहिल्यांदा तयार केला. आता आपल्याकडेही असे पोशाख मिळतात, आणि उन्हापासून बचाव म्हणून इतर बायकाही घालतात. तर पैसे भरण्याआधी त्या पोशाखाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून विचारावे, "हा चालतो का?" उत्तर लेखी येऊ द्यावे. तिथल्या शिट्टीवाल्या मुलाशी वाद घालण्याची वेळ येत नाही, नुसता मेसेज दाखवायचा. उत्तर 'नाही' आले तर पुढचा नंबर फिरवायचा.

याहून चांगला उपाय म्हणजे मोठ्या रिसॉर्टच्या मागे न लागता सहा-आठ खोल्यांची जागा दोन-तीन कुटुंबांनी मिळून पूर्णच घेणे. मग पूल आपला, वेळा आपल्या. सकाळी एक तास बायका-मुलींचा, नंतर बाकीच्यांचा. आमच्या नणंदबाई वयाच्या अडतिसाव्या वर्षी अशाच एका छोट्या पूलमध्ये तरंगायला शिकल्या. दांडीला धरून पाय मारायला शिकवणारी त्यांची गुरू अकरा वर्षांची पुतणी होती.

पूल निवडता येतो, समुद्राला मात्र समजून घ्यावे लागते. रिसॉर्ट कितीही चांगला असला तरी समोरचे पाणी कसे आहे हे बघायला हवे. काशिदची पांढरी वाळू फोटोत सर्वांत देखणी दिसते, पण तिथे लाटांना जोर आहे. हरिहरेश्वरला खडक आहेत आणि खडकावर चढून येणारी लाट सांगून येत नाही. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सपाट वाळूचा किनारा बघावा.

भूगोलाच्या पुस्तकातली उधाणाची आणि भांगाची भरती-ओहोटी आठवते का? अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. कोकणातली जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे. आपल्याला तर हे अधिक सोपे आहे, कारण घराघरांत चांदाची तारीख माहीत असते. चांदाच्या तारखेत एक मिळवा, की साधारण तिथी मिळते. पंधराच्या पुढे गेल्यास पंधरा वजा करा. चांदाची सातवी असेल तर आठ, त्याची पाऊणपट सहा. म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. चांदाची चौदावी असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भर दुपारच्या आधी समुद्र भरलेला आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत पाणी ओसरत जाणारे.

याचा उपयोग काय? चांदण्या रात्रीची हौस म्हणून आपण चौदावी-पंधरावी गाठून जातो. त्याच दिवसांत दुपारी दोन ते पाच, म्हणजे जेवून-झोपून मुले पाण्याकडे धावतात नेमक्या त्या वेळी, उधाणाचे पाणी ओसरत असते आणि पायाखालची वाळू ओढून नेते. सातवी-आठवी किंवा बाविसावी-तेविसावीला गेलात तर असरच्या वेळी पाणी सावकाश चढत असते आणि ओढ कमी असते. मी सुट्टीचे दिवस ठरवताना आधी कॅलेंडरमधला चांद बघते, मग दर.

पण हा हिशेब म्हणजे हमी नव्हे. मुरूडचा किनाराही सपाटच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे सहलीला आलेली पुण्याच्या एका कॉलेजची १४ मुले-मुली एकाच दुपारी बुडाली. त्यामुळे मुलांना गुडघ्याच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, आणि किनाऱ्यावरचा जीवरक्षक किंवा कोळी "आज नको" म्हणाला तर नको. आणखी एक गोष्ट बायकांसाठी. भिजलेला बुरखा, ओढणी, साडी फार जड होते आणि लाट परतताना पायात गुंडाळली जाते. या कपड्यांत घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ नये. लाटांत उतरायचे असेल तर पूलसाठी घेतलेला तोच पोशाख घालून उतरावे.

वडीलधाऱ्यांसाठी तळमजल्याची खोली, कमोड आणि दारापासून वाळूपर्यंतचे खरे अंतर विचारावे. 'सी-टच' म्हणजे कधीकधी एक वाडी, एक रस्ता आणि एक ओढा ओलांडून समुद्र असतो. फोटो ताजे मागवावेत. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर धडकले आणि शेकडो वाड्यांतली नारळ-सुपारीची झाडे आडवी झाली. जाहिरातीतली गर्द सावली त्याआधीची असू शकते, आणि मे महिन्यात सावली नसलेल्या अंगणात सासूबाईंना बसवणार कुठे? दिघीहून होडीने जंजिरा किल्ला बघता येतो, पण होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरताना तोल सांभाळावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी सुरूखाली खुर्ची टाकून बसावे हेच बरे.

नमाजसाठी जागेची अडचण सहसा येत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, म्हणजे जवळपास समुद्राच्याच दिशेला. त्यामुळे खोलीचा व्हरांडा समुद्राकडे असेल तर मुसल्ले तिथेच अंथरता येतात. सासूबाई मगरिबच्या आधी अर्धा तास तिथे तस्बीह घेऊन बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

शेवटचा प्रश्न मी आवर्जून विचारते, तो चहाचा. बऱ्याच ठिकाणी किचन आठला उघडते. आमच्याकडे फज्रनंतर लगेच चहा लागतो, आणि तो मिळाला नाही की घरातली कुणीतरी बाई किटली आणि दुधाची पिशवी घेऊन कामाला लागते. म्हणून बुकिंग करतानाच सांगून ठेवते, रात्री झोपण्यापूर्वी दोन मोठे थर्मास भरून खोलीत द्या. आजवर कुणी नाही म्हटलेले नाही.