बसायचं का?

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला टीमच्या चॅटवर एक ओळ यायची. सात वाजता, शिंबाशीला, नेहमीच्या ठिकाणी. तिचं मराठी भाषांतर दोन शब्दांचं आहे : बसायचं का?

पुण्याच्या कंपनीने मला दोन वर्षांसाठी टोकियोतल्या एका क्लायंटकडे पाठवलं होतं. तिथे किती कोड लिहिला ते आता आठवत नाही. कुठल्या इझाकायात काय खाल्लं ते मात्र सगळं आठवतं. इझाकाया म्हणजे जपानी पब. 'इ' म्हणजे थांबणं, 'साकाया' म्हणजे दारूचं दुकान. एदो काळात लोक दारू विकत घेऊन घरी न्यायचे, मग काहीजण दुकानातच थांबून प्यायला लागले आणि त्यातून ही जागा तयार झाली. आपण ज्याला नुसतं 'बसणं' म्हणतो, त्याला जपानी भाषेने दुकानाच्या नावातच जागा दिली आहे.

शिंबाशीला रेल्वेच्या पुलाखाली अशी दुकानं ओळीने आहेत. दारात लाल कंदील. आत गेलात की हात पुसायला ओला नॅपकिन, आणि न मागता आलेली एक छोटी वाटी. तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. मग सगळे एका सुरात 'तोरिआएझु बीरु', म्हणजे आधी बिअर तर येऊ द्या. मागोमाग उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, कोळशावरची याकितोरी, तळलेलं चिकन, थंड तोफू. याला चकणा म्हणणं अन्याय आहे. चकणा दारूसाठी असतो. इथे दारू खाण्याच्या सोबतीला असते. बश्या मध्ये ठेवायच्या आणि सगळ्यांनी थोडं थोडं घ्यायचं. आपल्याकडच्या काळ्या काचांच्या, अंधाऱ्या परमिट रूम बघत मोठा झालेला मी, तो भरपूर उजेड बघूनच खूश झालो होतो.

म्हणून आधीच सांगतो. माझं भांडण इझाकायाशी नाही. त्यात चपला न काढता घुसणाऱ्या ऑफिसशी आहे.

ऑफिसच्या पिण्याला नोमिकाई म्हणतात. ठरवणारा असतो टीममधला ज्युनियर. जागा बुक करणं, पैसे गोळा करणं, साहेबांना मासे आवडतात की चिकन हे लक्षात ठेवणं, सगळं त्याच्याकडे. दारापासून लांबची जागा साहेबांची, दाराजवळची सगळ्यात नव्या माणसाची, कारण ऑर्डर त्याने द्यायची. स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायचं नाही, दुसऱ्याचा ग्लास रिकामा दिसू द्यायचा नाही, आणि काम्पाई करताना आपला ग्लास वरिष्ठाच्या ग्लासापेक्षा खाली धरायचा. हे बघून मला आमच्या घरच्या लग्नातली पंगत आठवली. तोच मान, तीच उतरंड आणि तोच आग्रह. पंगतीत निदान पानावर आडवा हात धरता येतो.

त्या पंगतीत गंमत आहे, हे मी नाकारत नाही. पण एका शुक्रवारी काय झालं ते ऐका.

आमच्या प्रोजेक्टमध्ये जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा होता. टेस्टिंग सांभाळणारी सहकारी तीन आठवडे मीटिंगमध्ये एकच गोष्ट सांगत होती : काही बिघडलं तर मागे कसं यायचं याची चाचणीच झालेली नाही, दोन आठवडे वाढवून द्या. तिने स्लाइड केली होती, त्यात आकडे होते. दर वेळी उत्तर मिळायचं, 'विचार करतो.' जपानी ऑफिसात 'विचार करतो' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'.

ती नोमिकाईला येत नसे. सहा वाजता पाळणाघरातून मुलाला घ्यायचं असे.

त्या शुक्रवारी मी साहेबांच्या शेजारी होतो. तिसऱ्या बिअरनंतर साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, खरं सांग, तारीख गाठू का आपण? मी खरं सांगितलं. म्हणजे तिचंच वाक्य माझ्या मोडक्या जपानीत म्हटलं. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग मान हलवली. सोमवारी सकाळी दोन आठवडे वाढवल्याची घोषणा झाली. 'यांनी मोकळेपणाने सांगितलं' म्हणून माझं कौतुक झालं. ती समोरच बसली होती. एवढंच म्हणाली, 'बरं झालं.'

आणि मी गप्प बसलो. 'हे तिचं म्हणणं होतं,' एवढं चार शब्दांचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. सकाळचे दहा वाजले होते. समोर बिअर नव्हती.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. जपानीत 'नोमिनिकेशन' असा एक जोडशब्द आहे. 'नोमु' म्हणजे पिणं आणि पुढे कम्युनिकेशन. दारू पोटात गेली की दर्जाची भिंत पडते आणि माणसं खरं बोलतात, हे त्यामागचं तत्त्वज्ञान. ऐकायला गोड आहे. पण त्याची दुसरी बाजू वाचा : दिवसा, पगारी वेळेत, शुद्धीत खरं बोलायची सोय नाही. भिंत ऑफिसने बांधायची आणि तिला खिडकी मात्र प्रत्येकाने आपल्या संध्याकाळीतून आणि आपल्या खिशातून पाडायची? ज्या टीमला बग कळायला तीन बिअर लागतात, त्या टीमचा पहिला बग तोच आहे.

शिवाय ही खिडकी सगळ्यांना उघडत नाही. जपानमधल्या सुमारे चाळीस टक्के लोकांच्या शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारं विकर जन्मतःच कमी काम करतं. एका ग्लासात चेहरा लाल, छातीत धडधड. त्यांनी मोकळेपणासाठी आणखी कुठे जायचं? आमच्यासोबतचा एक शाकाहारी मित्र तोफूवर भुरभुरलेले वाळवलेल्या माशाचे पापुद्रे काढत बसायचा, शेंगा खायचा, उलाँग चहा प्यायचा, आणि बिल समान वाटून चार हजार येन द्यायचा. आणि जिला सहा वाजता पाळणाघर गाठायचं असतं, तिचं तर आपण वर पाहिलंच.

यावर ठरलेलं उत्तर येतं : अरे, सक्ती कुठे आहे? यायचं तर या. सक्ती कागदावर नसते, हे नोकरी केलेल्या कुणालाही कळतं. जपानच्या सर्वोच्च न्यायालयालाही कळलं. फुकुओका प्रांतातला एक कर्मचारी हातातलं काम अर्धवट टाकून, वरिष्ठाने गळ घातली म्हणून कंपनीच्या जेवणाला गेला. नंतर आलेल्या पाहुण्या प्रशिक्षणार्थींना त्यांच्या घरी सोडून मग कामावर परतायचं म्हणून निघाला आणि त्यांना सोडायला जातानाच अपघातात गेला. ८ जुलै २०१६ला न्यायालयाने निकाल दिला, की हा मृत्यू कामावरचाच आहे. त्याच्या परिस्थितीत ते जेवण कामापासून वेगळं काढता येत नव्हतं. मग २०१९पासून कायद्याने ओव्हरटाइमला साधारण महिन्याला ४५ तासांची मर्यादा घातली, तरी त्या हिशेबात नेहमीच्या नोमिकाईचे तास कुणी धरत नाही.

दुसरं उत्तर : तू बाहेरचा, त्यांच्या संस्कृतीत कशाला नाक खुपसतोस? पण कंटाळा आधी त्यांच्याच तरुणांना आलाय. माझ्या वयाचे सहकारी पहिल्या फेरीनंतर शेवटच्या लोकलचं निमित्त काढून पसार व्हायचे. दारू पाजायच्या जबरदस्तीला तिथे 'आरुहारा' असा शब्दच आहे, अल्कोहोल हरॅसमेंटचं कापून केलेलं रूप. तरुण पीत नाहीत म्हणून महसूल घटतो, या काळजीने २०२२मध्ये तिथल्या राष्ट्रीय कर खात्याने वीस ते एकोणचाळीस वयाच्या लोकांना दारूकडे वळवण्यासाठी कल्पना मागवणारी स्पर्धा ठेवली होती. संस्कृती संस्कृती म्हणून ज्याचे गोडवे गातो, ते टिकवायला सरकारला जाहिरात द्यावी लागली.

आणि आपण तरी कुठले धुतल्या तांदळाचे? पुण्यात परत आल्यावर मला हिंजवडीत इझाकाया सापडला नाही, टपरी सापडली. अकरा वाजताचा चहा-सुट्टा. मॅनेजर आणि त्याच्याभोवती चार जण. कोण ऑनसाइट जाणार, कुणाचं रेटिंग किती, हे तिथे धुरात ठरतं आणि मग मीटिंगमध्ये नुसतं वाचून दाखवतात. त्या घोळक्यात टीममधल्या मुली किती असतात, उद्या मोजून बघा. मुळशीच्या फार्महाउसवरचं टीम आउटिंग हे तर आपलं नोमिकाईच. रात्री दोनला मॅनेजरच्या गळ्यात पडणारा सोमवारी 'टीम प्लेयर' ठरतो, आणि आठ वाजता घरी गेलेली 'थोडी रिझर्व्ह्ड'.

माझी मागणी मोठी नाही. प्यायला बसा, जरूर बसा, मलाही बोलवा. पण टेबलावर कामाचा निर्णय झाला तर तो निर्णय नाही, ती गप्पा आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तो विषय पुन्हा मांडा, आणि मुद्दा आधी कुणी काढला होता त्याचं नाव मिनिट्समध्ये लिहा. ज्याने प्यायली नाही त्याच्याकडून दारूचे पैसे घेऊ नका. टीम जोडायचीच असेल तर दुपारी एक वाजता जेवायला न्या; तेव्हा सगळ्यांनाच भूक लागलेली असते.

त्या प्रोजेक्टची मागे येण्याची चाचणी शेवटी झाली आणि ती दोनदा फसली. तारीख वाढली नसती तर ते खऱ्या डेटावर घडलं असतं. प्रोजेक्ट संपल्यावरच्या आढावा बैठकीत, दुपारी तीनला, साधं पाणी पिऊन मी उभा राहिलो आणि सांगितलं, की हा धोका आधी कुणी ओळखला होता, कितव्या मीटिंगमध्ये आणि कुठल्या स्लाइडवर. घसा कोरडा पडला होता. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

ते वाक्य दोन महिने उशिरा आलं होतं. तरीही दारूशिवाय आलं, एवढंच त्यातल्या त्यात.