कॅमेरा वागवावा कसा?

कॅमेरा वापरावा कसा हें शिकविणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. परंतु तो वागवावा कसा, म्हणजे घरापासून इष्ट स्थळापर्यंत व तेथून परत घरापर्यंत अंगावर कसा न्यावा-आणावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे असें फारच थोड्यांस वाटतें. शाळेच्या वार्षिकांत असल्या क्षुल्लक विषयाला जागा कां द्यावी, असें आमचे वाचक, विशेषतः पालकवर्ग, विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, हा विषय क्षुल्लक नाहीं हें आम्हांस एका सहलीनें शिकविलें, आणि तो धडा आमच्या स्वतःच्या चुकीनें आम्हांस मिळाला.

दोन वर्षांपूर्वीं डिसेंबर महिन्यांत नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही लोहगडास गेलों होतों. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकल गाडीनें मळवलीस उतरावें, भाजे गांवावरून वर चढून गडाचा पायथा गांठावा, आणि मग गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा या चार दरवाज्यांतून माथ्यावर जावें, असा नेहमींचा क्रम. एका विद्यार्थ्याजवळ त्याच्या वडिलांचा कॅमेरा होता. ते लग्नमुंजींचीं छायाचित्रें काढून संसार चालवितात. पुष्कळ विनवण्या केल्यावर मुलाला तो एका दिवसापुरता मिळाला होता. त्यानें तो गळ्यांत अडकविला होता व चालतांना एका हातानें छातीशीं घट्ट धरला होता. आम्हांस वाटलें, हा मिरवीत आहे. आम्ही म्हणालों, "अरे, गळ्यांत हें लोढणें कशाला? खांद्याला अडकव आणि हात मोकळे ठेव." शिक्षकांचा शब्द म्हणून त्यानें तो मानला.

महादरवाज्याच्या खालच्या वळणावर पुढें चालणाऱ्या एका सोबत्याचा पाय घसरला. या मुलानें चटकन् वांकून त्याला हात दिला. सोबती सांवरला, पण कॅमेरा खांद्यावरून निसटला आणि तीन-चार पायऱ्या खालीं जाऊन दगडावर आदळला. भिंगाचें कडें वांकलें, आणि आंत कांहीं तरी खुळखुळूं लागलें. परतीच्या गाडींत तो मुलगा एक अक्षर बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. वडील त्याला रागें भरले नव्हते. ते आम्हांस म्हणाले, "सर, पोरानें दोस्ताला हात दिला तें बरोबरच केलें. पण पुढच्या आठवड्यांत माझीं तीन लग्नें आहेत." दुरुस्तीच्या खर्चांत आम्हीं आमचा वांटा उचलला, परंतु तीं तीन लग्नें त्यांस भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढावीं लागलीं, आणि त्या दिवसांत त्यांनीं जी काळजी वाहिली ती आम्हांस भरून देतां येण्याजोगी नव्हती.

त्या दिवसापासून आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला, व आमचें एक मत बनलें. तें असें: कॅमेरा अशा रीतीनें वागवावा कीं, दुसऱ्या कोणत्याही कामासाठीं दोन्ही हात एकाएकीं लागले तर, कॅमेऱ्याचा विचार मनांत न आणतां ते देतां यावे. सोय म्हणजे हेंच, आणि सुरक्षितता म्हणजेही हेंच. ज्या पद्धतींत कॅमेरा सांवरण्यास एक हात अडकून पडतो, ती पद्धत सुखाची नाहीं. आणि ज्या पद्धतींत हात काढून घेतांच कॅमेरा पडतो, ती निर्धोक नाहीं.

हा प्रश्न पूर्वीं नव्हता, कारण पूर्वीं कॅमेरा अंगावर वागवितां येतच नसे. १८५५ सालीं क्रिमियाच्या युद्धाचीं छायाचित्रें घेण्यास रॉजर फेंटन गेला, तेव्हां त्याच्याबरोबर पांच कॅमेरे, सुमारें ७०० कांचा आणि एका दारूच्या व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी होती. त्या गाडींतच त्यानें काळोखी खोली केली होती. पुढें यंत्र लहान होत गेलें, आणि १९२५ सालीं जर्मनींत लायका कॅमेरा लोकांपुढें आला, तेव्हां उत्तम छायाचित्र काढणारें यंत्र हाताच्या पंजांत मावूं लागलें. जो भार गाडी वाहत असे तो माणसाच्या मानेवर आला. भार घटला हें खरें. परंतु तो सांभाळण्याची जबाबदारी घोड्यावरून व गाडीवानावरून आपणांवर आली, हें मात्र आपण विसरलों.

मोठमोठ्यांनाही ही गोष्ट सोपी गेलेली नाहीं. जुलै १९६६ मध्यें जेमिनी १० या यानांतून मायकेल कॉलिन्स अंतराळांत बाहेर पडला असतां त्याचा कॅमेरा सुटून अवकाशांत निघून गेला, तो पुन्हा हातीं लागला नाहीं. तीनच वर्षांनीं, जुलै १९६९ मध्यें, चंद्रावर पहिलें पाऊल पडलें तेव्हां तेथील पोशाखावर छातीपाशीं कॅमेरा बसविण्याची खोबण केलेली होती. त्यामुळें दगडमाती गोळा करण्यास दोन्ही हात मोकळे राहत. आणि इतकें दूर कशाला जावें? १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला या आपल्या देशांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. दिल्लींत त्या साडी नेसून, आपली जड सामग्री घेऊन सायकलीवरून कामावर जात. सायकलीचे दांडे धरावयाचे तर हात कॅमेऱ्याला देतां येत नाहींत, हें आमच्या विद्यार्थिनींस निराळें सांगावयास नको.

आतां प्रचारांतील पद्धती एकेक पाहूं. पहिली गळ्यांत अडकविण्याची. बेताच्या किंमतीचा कॅमेरा भिंगासह सुमारें पाऊण किलो भरतो. दूरचें मोठें भिंग लावलें तर हाच भार दोन किलोंच्या वर जातो. तो मानेच्या पुढें लोंबूं लागला कीं डोकें पुढें ओढलें जातें, व मानेच्या मागील स्नायूंस एकसारखा ताण द्यावा लागतो. शिवाय वांकतांच कॅमेरा लंबकाप्रमाणें पुढें झोका घेतो व दगडावर आपटतो. एके ठिकाणीं उभें राहून घटकाभर काम करावयाचें तर ही पद्धत ठीक आहे; दिवसभराच्या चालीला ती योग्य नव्हे. तरी एक गोष्ट आम्हांस येथें कबूल केली पाहिजे. गळ्यांतला पट्टा डोक्यावरून निघाल्याखेरीज सुटत नाहीं. त्या मुलाची पद्धत कष्टाची होती, पण ती आमच्या सल्ल्यापेक्षां निर्धोक होती.

दुसरी पद्धत एका खांद्याला अडकविण्याची. म्हणजे आम्हीं सुचविली ती. ही दिसावयास ऐटदार आणि परिणामीं सर्वांत वाईट. खांदा हा बाहेरच्या बाजूस उतरता असतो; पट्टा तेथें केवळ घर्षणानें टिकतो, आणि माणूस वांकला कीं तें घर्षण पुरे पडत नाहीं. गर्दींत तो कोणी हळूच ओढून नेला तरी कळत नाहीं.

तिसरी पद्धत पट्टा एका खांद्यावरून छातीवर तिरपा घेऊन कॅमेरा विरुद्ध बाजूस कमरेपाशीं ठेवण्याची. टपालवाल्याची पिशवी, कंडक्टरची पिशवी व वारकऱ्याची पडशी अंगावर घेण्याची जी जुनी रीत, तीच ही. भार मानेवरून खांद्यावर येतो, पट्टा घसरून पडूं शकत नाहीं, वांकतांना कोपरानें कॅमेरा सहज मागें सारतां येतो, आणि चोराला तो ओढून पळतां येत नाहीं. आमचें मत या पद्धतीच्या बाजूचें आहे. मात्र तींतही एक विवेक हवा. रस्त्यानें चालतांना कॅमेरा वाहनांच्या बाजूस न ठेवतां आंतल्या बाजूस ठेवावा. कारण धांवत्या मोटारसायकलीवरून कोणीं हिसका दिला तर पट्ट्याबरोबर माणूसही ओढला जाण्याचें भय असतें.

मनगटाला अडकविण्याची दोरी लहान कॅमेऱ्यास व मोबाइलला चांगली. पण चढणीवर जेथें हात टेकावे लागतात तेथें ती कामाची नाहीं. पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांवर भार सारखा वांटते, म्हणून लांबच्या वाटेला उत्तम. परंतु पाठीला डोळे नसतात. लोकल गाडींत व यात्रेच्या गर्दींत ती पोटावर घ्यावी, व तिची चेन अंगाकडे राहील असें पाहावें. पावसांत ओला झालेला कॅमेरा पिशवींत तसाच कोंडून ठेवूं नये. कोंकणांत व घाटांत दमट हवेनें भिंगावर बुरशी धरते, आणि चामड्याची पिशवी तर तिला आमंत्रणच देते.

पट्टा निवडतांना आमच्या शास्त्राच्या तासाची आठवण ठेवावी. भार तोच असला तरी तो जितक्या अधिक क्षेत्रावर पसरेल तितका दाब कमी. एक सेंटिमीटर रुंदीची दोरी जेथें खांदा कापते, तेथें चार सेंटिमीटरांच्या पट्ट्याखालीं दाब सुमारें चौथाई होतो. पट्ट्याचें टोंक बकलांतून ओंवून झाल्यावर चांगलें पांच सेंटिमीटर शिल्लक राहूं द्यावें, व तें आंतल्या बाजूस दाबून टाकावें; कमी राहिल्यास हिसक्यासरशीं तें निसटतें. कांहीं पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशीं तिपाईसाठीं जें पाव इंची मळसूत्र असतें त्यांत एका स्क्रूनें बसवितात. चालण्याच्या हादऱ्यांनीं असा स्क्रू सैल होत जातो. तो मधून मधून बोटांनीं तपासावा, आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीला एक जादा दोरी बांधून ठेवावी. एक आधार सुटला तरी दुसरा असावा.

यावर दोन आक्षेप येतील. पालक म्हणतील, "आधींच कॅमेऱ्याची किंमत इतकी, त्यांत आणखी पट्ट्याचा खर्च कोठून करावा?" त्यांस आमचें सांगणें कीं, खर्चाची गरज बहुधा नाहींच. कॅमेऱ्याबरोबर पेटींत जो पट्टा येतो तो पुष्कळदां पुरेसा लांब करतां येतो. न आल्यास जुन्या पिशवीचा रुंद पट्टा मोच्याकडून बळकट शिवून घेतां येतो. परंतु ज्या यंत्रासाठीं घरानें वर्षाची शिल्लक खर्चिली, तें कशावर लोंबत आहे हें एकदां स्वतः ओढून पाहण्यास तर दमडीही पडत नाहीं. विद्यार्थी म्हणतील, "सर, तिरपा पट्टा पोस्टमनसारखा दिसतो." बाळांनो, दिसूं द्या. पोस्टमनचीं पत्रें वाटेंत सांडत नाहींत.

आतां निवड करण्याची एक बिनखर्ची कसोटी सांगतों. एक लिटरची पाण्यानें भरलेली बाटली घ्यावी. तिचें वजन किलोहून किंचित् अधिक भरतें. ती पट्ट्याला बांधून अंगावर घ्यावी, आणि एक दिवस घरांत व शाळेंत तशीच वागवावी. जिना चढावा-उतरावा, वांकून बुटाची नाडी बांधावी, धाकट्या भावंडाला कडेवर घ्यावें. संध्याकाळपर्यंत मान अवघडली, किंवा बाटली सांवरण्यास एकदां जरी हात धांवला, तर ती पद्धत तुमच्यासाठीं नव्हे. लांबी बदलावी, खांदा बदलावा, आणि पुन्हा पाहावें. उंची, खांद्यांची ठेवण व चालण्याची रीत प्रत्येकाची निराळी. म्हणून जाहिरातींतील माणसाला शोभलेला पट्टा आपणांस सोसेलच असें नाहीं.

गेल्या डिसेंबरांत आम्ही नव्या नववीला घेऊन पुन्हा लोहगडास गेलों. निघण्यापूर्वीं आठवडाभर आमच्या वर्गांत पाण्याच्या बाटल्या लोंबत होत्या, व इतर शिक्षकबंधू आम्हांस हंसत होते. तो कॅमेरा पाडणारा विद्यार्थी आतां अकरावींत आहे. स्वयंसेवक म्हणून तो आमच्याबरोबर आला, आणि त्याच्या अंगावर तोच दुरुस्त केलेला कॅमेरा तिरप्या पट्ट्यानें होता. वडिलांनीं तो आपण होऊन दिला होता. महादरवाज्याच्या खालच्या वळणावर तो थांबला व एकेका लहानग्यास दोन्ही हातांनीं वर घेऊं लागला. त्याचें कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हतें, आणि तें असण्याची गरजही नव्हती.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, सहलीच्या आदल्या रात्रीं मुलाच्या डब्याची जशी चौकशी करतां, तशी त्याच्या पट्ट्याचीही करावी. आणि विद्यार्थीमित्रहो, तुमचा शिक्षक पुढें केव्हां असा सल्ला देऊं लागला कीं जो त्यानें स्वतः करून पाहिलेला नाहीं, तर नम्रपणें त्याच्या हातीं पाण्याची एक भरलेली बाटली द्यावी.