दानीएलचे ताट



जुलै महिना लागला की माळव्यातील गावोगावच्या मोटारथांब्यांवर एक नित्याचे दृश्य दिसू लागते. कपड्यांची एक पिशवी, पुस्तकांची एक, आणि आईने पहाटे उठून भरून दिलेला शेव-लाडवांचा एक डबा. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लोहारद्यासारख्या गावांतून कोणी बागलीस, कोणी कन्नोदला, कोणी देवासला, तर कोणी थेट इंदूरला शिकावयास जातो. जाण्यापूर्वी घरात फीची चर्चा होते, खोलीच्या भाड्याची होते, संगतीची तर फारच होते. मात्र मूल तेथे खाणार काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. डबा दिला म्हणजे तो प्रश्न सुटला, असे आपण धरून चालतो.

परंतु डबा फार तर आठ दिवस पुरतो. नवव्या दिवशी काय होते? रात्री उशिरापर्यंत जागलेला विद्यार्थी सकाळी उशिरा उठतो; चहात दोन बिस्किटे बुडवून धावतच वर्गात जातो. दुपारी टपरीवरचा समोसा नाही तर कचोरी. रात्री स्वयंपाकाचा कंटाळा येतो, म्हणून पाकिटातल्या शेवया उकळून चौघेजण एकाच पातेल्यातून खातात. इंदूर तर खाण्यापिण्याचे माहेरघर. सकाळी पोहे-जिलबी, आणि रात्री सराफ्यातील दागिन्यांची दुकाने मिटली की त्याच रस्त्यावर खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. सणावारी, मित्रांसमवेत त्याची चव घेण्यात पाप नाही. पण जे सणाचे अन्न ते रोजचे अन्न झाले, की देह त्याचा हिशेब मागितल्यावाचून राहत नाही.

पवित्र शास्त्रात अशाच एका विद्यार्थ्याची कथा आहे. दानीएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु दानीएल आणि त्याचे तिघे मित्र हे परगावी शिकावयास ठेवलेले तरुण होते, हे आपल्या ध्यानी येत नाही. बाबेलच्या राजाने त्यांना तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी निवडले होते. भाषा परकी, नगर परके, आणि जेवण राजाच्या पंक्तीचे. दानीएलने ते पक्वान्न व तो द्राक्षारस नाकारला. देवाच्या नियमाने भ्रष्ट होऊ नये, हा त्याचा हेतू होता. अधिकारी घाबरला, मुले वाळली तर राजा आपले डोके उडवील, असे त्यास वाटले. तेव्हा दानीएलने हट्ट धरला नाही, की वाद घातला नाही. त्याने देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याकडे केवळ दहा दिवसांची मुदत मागितली. आम्हास शाकभाजी व पाणी द्यावे, आणि मग आमचे चेहरे पाहून ठरवावे, एवढेच त्याचे म्हणणे. दहा दिवसांनी ते चौघे इतरांहून अधिक तजेलदार व अंगाने भरलेले दिसले. आणि तीन वर्षांनी राजाने परीक्षा घेतली तेव्हा बुद्धीतही त्यांची बरोबरी करणारा कोणी निघाला नाही.

ती बुद्धी देवाची देणगी होती, असे शास्त्र सांगते. केवळ भाजी खाऊन कोणी विद्वान होत नाही. परंतु ह्या कथेत विद्यार्थ्यासाठी दोन गोष्टी आहेत. दानीएलने आपले ताट स्वतः निवडले. समोर आले ते गिळले नाही. आणि राजाच्या पंक्तीला बसून साधे अन्न मागण्याची त्यास लाज वाटली नाही.

ही लाजच आज आमच्या मुलांचे आरोग्य खाते आहे. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची नाही तर मक्याची भाकरी थापली गेली, तो मुलगा शहरात गेला की भाकरीचे नाव काढीत नाही. भाकरी म्हणजे खेडवळपणा आणि पाकिटातले अन्न म्हणजे सुधारणा, अशी समजूत त्याच्या मनात केव्हा शिरते ते त्याचे त्यासही कळत नाही. गंमत अशी की ह्याच ज्वारी-बाजरीच्या गौरवार्थ संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

सोयाबीनचेच पाहा ना. गेल्या अर्धशतकात ह्या पिकाने माळव्याच्या खरिपाचे रूप पालटले; ज्वारीची कितीतरी शेते त्याने व्यापली. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. डाळींतही इतकी नसतात. आम्ही ते पिकवितो, पोती भरून विकतो, आणि त्याच पैशातून मुलास मैद्याची बिस्किटे घेऊन देतो. सोयाबीन कच्चे खाऊ नये, कारण त्यातील काही द्रव्ये पचनास अडथळा करतात. परंतु भिजवून, चांगले उकळून, वाळवून गव्हात मिसळले, नऊ भाग गहू आणि एक भाग सोयाबीन, तर पोळी घरच्यासारखीच लागते आणि अंगी लागते. असे पाच किलो पीठ मुलाच्या पिशवीत घाला. लाडवांच्या डब्याहून त्याचा उपयोग मोठा आहे.

आता थोडा हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे दररोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे 50 किलो वजनाच्या विद्यार्थ्यास सुमारे 42 ग्रॅम. हे काही डोंगर उचलणे नव्हे. पोटभर भाकरी-पोळीतून बराच भाग मिळतो. पन्नास ग्रॅम भाजलेल्या चण्यांत सुमारे 10 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम, एका अंड्यात 6 ग्रॅम. वर वाटीभर डाळ आणि जमल्यास पेलाभर दूध किंवा दही घेतले की हिशेब पुरा झाला. व्यायामशाळेत डब्यातून मिळणाऱ्या महागड्या भुकटीची ह्यासाठी गरज नाही. एक लहान कुकर घेऊन चौघा मित्रांनी आळीपाळीने मुगाची खिचडी शिजविली, तिच्यात मूठभर मेथी किंवा पालक घातला, वर लिंबू पिळले, तर अर्ध्या तासात राजाच्या पंक्तीहून चांगले जेवण होते.

लिंबाचा उल्लेख मी मुद्दाम केला. लिंबू, आवळा, पेरू ह्यांच्या योगाने भाजीपाल्यातील लोह रक्तात अधिक उतरते. जेवणासमवेत घेतलेला चहा मात्र त्यास अडवितो. म्हणून चहा जेवणानंतर तासभर थांबून घ्यावा. हे मुलींनी विशेष ध्यानी धरावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या रक्तात लाली कमी आढळली. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण 31 टक्के होते. वर्गात डोळे मिटू लागणे, जिना चढताना धाप लागणे, वाचलेले लक्षात न राहणे, ह्याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो आळस नसून रक्तक्षय असतो. मातांनो, ज्या घरात मुलगी सर्वांच्या मागून आणि उरलेले जेवते, त्या घरातून ती कॉलेजात जाताना रिकामे रक्तच घेऊन जाते. सरकारी आरोग्यकेंद्रात रक्ताची तपासणी होते व लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. त्यात संकोच कसला?

दुसरे भय क्षयाचे. देवासचे नाव घेतले की मराठी माणसास कुमार गंधर्व आठवतात. 1948 मध्ये, वयाची चोविशी पुरी होण्यापूर्वीच, हा गवई क्षयाने ग्रासला जाऊन कोरड्या हवेसाठी देवासला आला. काही वर्षे गाणे बंद राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतेच निघाले होते. त्याच्या आणि घरच्या माणसांच्या शुश्रूषेच्या बळावर तो गळा पुन्हा गाऊ लागला. आज औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. तरी क्षय आपल्या देशातून गेलेला नाही, आणि उपाशी देह त्यास सर्वांत सोपा सापडतो. 2019 ते 2022 ह्या काळात झारखंडातील चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहण्यात आले. ज्या घरांना हा शिधा मिळाला त्यांतील माणसांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण, तो न मिळालेल्या घरांच्या मानाने, सुमारे 39 टक्क्यांनी कमी भरले. तांदूळ आणि डाळ! एका लहान खोलीत चौघे राहणाऱ्या, अर्धपोटी अभ्यास करणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट काळजात कोरून ठेवावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर तपासणीस जावे, लपवू नये.

येथे कोणी म्हणेल, “फादर, आपला धर्म तर उपवास शिकवितो.” होय, शिकवितो. अठरा वर्षे पुरी झालेल्या निरोगी ख्रिस्ती माणसाने राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी उपवास करावा अशी ख्रिस्तसभेची आज्ञा आहे. आणि त्याही दिवशी एक पूर्ण जेवण घेण्यास ती मोकळीक देते. परंतु उशिरा उठल्यामुळे बुडालेली न्याहारी हा उपवास नव्हे. भ्रमणध्वनीचे पैसे भरण्यासाठी मारलेली भूक हा त्याग नव्हे. संत इग्नाती लोयोलाकर ह्यांनी मान्रेसा येथे 1522 मध्ये अतिकठोर उपवास करून आपली प्रकृती कायमची बिघडवून घेतली. आणि म्हणूनच पुढे येशूसंघाची घटना लिहिताना देहाची योग्य काळजी घेण्याविषयी त्यांनी आपल्या माणसांस बजाविले. देह हा पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांस सांगतात. मंदिर शृंगारून मिरवावयाचे नसते, तसे ते पडूही द्यावयाचे नसते.

व्यायामाविषयी फार लिहावयास नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला निदान 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते. शेतावर राबणाऱ्या घरातील मुलास हे ऐकून हसू येईल. पण तोच मुलगा शहरात गेला की दोन फर्लांगांसाठी रिक्षा शोधतो. कॉलेजात पायी जावे. सकाळी खोलीतच चार जोर, चार बैठका काढाव्यात. रविवारी मिस्सा झाल्यावर कबड्डीचा एक डाव मांडावा. आणि रात्री सात-आठ तास झोप घ्यावी. उशाशी ठेवलेला भ्रमणध्वनी ती झोप चोरतो, म्हणून तो रात्री हाताच्या अंतरावर नसावा.

मायबापहो, शेवटी एक गोष्ट तुमच्यासाठी. ह्याच देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे धन्यवादित राणी मारिया ह्या धर्मभगिनीने गोरगरिबांस सावकारी पाशातून सोडविण्यासाठी त्यांना एकत्र केले, थोडे थोडे पैसे वाचवावयास शिकविले. त्यासाठी 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरकडे मोटारीने जात असता, त्यांचा वध झाला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादितपद घोषित झाले. आज आमची मुले त्याच इंदूरला शिकावयास जातात, ती अशाच कष्टाने वाचविलेल्या पैशांवर. तो पैसा टपरीच्या तेलात जातो की मुलाच्या अंगी लागतो, हे विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे. फोनवर “अभ्यास झाला का?” असे विचारण्याआधी “आज काय जेवलास?” असे विचारा. आणि मुलगी शिकावयास गेली असेल तर तिलाही तितक्याच आस्थेने विचारा.

आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो, मी तुमच्याकडे जन्मभराचे व्रत मागत नाही. दानीएलने मागितली तेवढीच मुदत मागतो. येत्या रविवारपासून दहा दिवस सकाळी वेळेवर न्याहारी करा, दुपारी भाकरी किंवा पोळी, डाळ आणि भाजी खा, रात्री खिचडी शिजवा, दिवसातून अर्धा तास चाला, वेळेवर झोपा. जेवणापूर्वी क्रुसाची खूण करावयास विसरू नका. कारण ज्या अन्नावर आपण देवाचा आशीर्वाद मागतो ते काय आहे, हे त्या निमित्ताने एकदा डोळे उघडून पाहणे घडते. अकराव्या दिवशी आपला चेहरा आरशात पाहा, वही उघडून आपला अभ्यास पाहा, आणि मग काय ते ठरवा.

ज्या प्रभूने आपल्या शिष्यांसाठी तिबिर्याच्या सरोवराकाठी स्वतः निखाऱ्यांवर मासळी व भाकरी तयार ठेवली, तो प्रभू घरापासून दूर असलेल्या आपल्या लेकरांच्या ताटावर कृपादृष्टी ठेवो, आणि त्यांच्या देहास व बुद्धीस बळ देवो.