भाकरी सोडली आणि थंडी वाढली

"वजन उतरलं, पण हातपाय बर्फासारखे झालेत. दोन गोधड्या घेतल्या तरी अंगात ऊब येत नाही." यंदाच्या थंडीत ही तक्रार आपल्या वस्त्यांतल्या बायकांकडून बऱ्याचदा ऐकली. चौकशी केली की कळते, महिना-दोन महिन्यांपासून भाकरी, चपाती, भात बंद आहे. कोणी मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून सोडले, कोणी शुगर निघाली म्हणून घाबरून. आणि त्यांना सांगितले जाते की थंडी वाजणे चांगलेच, चरबी जळते आहे.

हे सांगणे चुकीचे आहे. अंगातली ऊब अन्नातून येते. खाणे एकदम कमी झाले की शरीर हात आखडते. थायरॉईडचे जे संप्रेरक शरीराची भट्टी पेटती ठेवते, त्याचे कामाचे रूप, म्हणजे टी-३, उपासात आणि पिष्टमय अन्न फार कमी केल्यावर घटते. भट्टी मंदावते, कातडीकडे जाणारे रक्त कमी होते, बोटे गार पडतात. सुरुवातीच्या दिवसांत लघवीवाटे मीठ-पाणीही जास्त जाते. त्यामुळे उठताना चक्कर येते, आणि ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर जास्तच. काहींना हा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. पण ज्यांचे पोट आधीच अर्धे भरत होते, त्यांनी त्या भरवशावर राहू नये.

कारण खरी गोम हिशेबात आहे. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्यांत साधारण ४०० उष्मांक असतात. त्यांच्या जागी दोन अंडी खाल्ली तर मिळतात १४०. बाकीचे कुठून आणायचे? व्हिडिओतला माणूस पनीर, बदाम, लोणी, मासे सांगतो. ज्याच्या घरी फ्रीज भरलेला असतो, त्याची भाकरी सुटली तरी पोट भरते. आपल्याकडे भाकरी सुटली की ताटात पातळ कालवण आणि कांदा उरतो. याला डाएट म्हणायचे की उपासमार?

रेशनवर माणशी ५ किलो गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतो. म्हणजे फुकट मिळते ते सोडा आणि परवडत नाही ते विकत घ्या, असा हा सल्ला झाला. आणि ज्या स्वस्त मांसावर आपल्या कितीतरी पिढ्या पोसल्या, त्यातले बैलाचे मांसही २०१५ च्या कायद्याने बंद झाले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले आहे. ते वाचावे, म्हणजे आहाराचे सल्ले कोणाचे ताट समोर ठेवून दिले जातात ते ध्यानात येईल.

काही जण डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे नाव घेतात. त्यांची पद्धत दिवसातून दोनदाच जेवण्याची आहे, भाकरी बंद करण्याची नव्हे. लोक दोन्ही एकत्र करतात आणि पहाटे रस्ता झाडायला उपाशी जातात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. ताडीवाला रोड असो की रामटेकडी, पत्र्याच्या घरात तो जास्तच बोचतो.

शुगर असलेल्यांनी पिष्टमय खाणे कमी करू नये असे मी म्हणत नाही. चहातली साखर, खारी, पाव, ताटभर भात कमी झालाच पाहिजे. पण तीन भाकऱ्यांच्या दीड करा, आणि त्याबरोबर घट्ट डाळ, मटकी, शेंगदाणे, अंडे, सुकट, जे जमेल ते वाढवा. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिच्या वाट्याला यातले काही उरते का, हेही पाहावे.

थंडी तरीही जात नसेल तर दोष फक्त खाण्याचा नसेल. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असले की थंडी वाजतेच. थायरॉईड मंद असले तरी वाजते. ससूनमध्ये किंवा मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासण्याविषयी विचारा.

शुगरची औषधे घेणाऱ्यांसाठी हे वेगळे सांगतो. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी-भात एकदम सोडला तर साखर धोकादायक खाली जाते. गार घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती थंडी समजून पांघरूण घेऊन झोपू नका. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि नंतर जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. डापाग्लिफ्लोझिनची गोळी असेल तर धोका वेगळा आहे. रक्तात आम्ल वाढून जीवावर बेतू शकते, आणि त्या वेळी साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. उलट्या, पोटात दुखणे, धाप लागणे सुरू झाले तर तडक दवाखाना गाठा. गोळ्यांची नावे पाकिटावर लिहिलेली असतात. खाणे बदलण्याआधी ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.