निशाण आणि परिमाण

इंग्रजी भाषेत ‘स्टँडर्ड’ हा शब्द मूळचा निशाणवाचक आहे. रणांगणात रोवून ठेवावयाचे व ज्याभोवती फौजेने जमावयाचे, ते निशाण. पुढे हाच शब्द वजनमापांच्या परिमाणास लागला. नंतर सुवर्णचलनास, घड्याळाच्या वेळेस व राहणीच्या मानासही लागला. आमच्या घरोघरी तर ‘मुलगा कितव्या स्टँडर्डात आहे?’ असा प्रश्न नित्य ऐकू येतो. मराठीने ह्या अर्थांची वाटणी करून निशाण, परिमाण, प्रमाणवेळ, इयत्ता असे निरनिराळे शब्द योजिले आहेत, व हे आमच्या भाषेस भूषणावहच होय. तथापि निशाण व माप ह्यांस एकच नाव असावे, ह्यात विचार करण्याजोगे काही आहे. दोन्ही सर्वांस दिसतील अशी असावी लागतात, आणि दोन्ही कोणाच्या मर्जीने हलता कामा नयेत.

वऱ्हाडास दोहोंचाही अनुभव आहे. १८५३ च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पण नावाचे स्वामित्व निजामाकडेच राहिले. १९३६ च्या कराराने तर इंग्रजी निशाणाशेजारी निजामाचे निशाणही येथे लावण्याचे ठरले. दोन निशाणे, आणि त्यांत आमचे एकही नाही! शेजारी नागपुरास १९२३ साली तिरंगी झेंडा घेऊन रस्त्याने चालणाऱ्यांस तुरुंगात जावे लागले, हे तर सर्वश्रुतच आहे.

मापाची कथाही अशीच. उमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ ही कापसाची जात मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत प्रसिद्ध झाली. नाव आमच्या गावाचे. प्रत ठरविणारे मात्र परके. कारंजास १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, व १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्याच वर्षी अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. स्वराज्याची मागणी आणि चोख तागडीची मागणी ह्या भूमीत अशा बरोबरीनेच वाढल्या.

स्वराज्य आले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वज स्वीकारला; आणि भारतीय मानक संस्थेने १९५१ साली जे पहिल्या क्रमांकाचे मानक बांधून दिले, ते ह्याच ध्वजाचे. त्याचे कापड, रंग, लांबीरुंदी, शिवण, सर्व काही त्यात ठरविले आहे. इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र आले, असे म्हणण्यास हरकत नाही. २०२१ च्या अखेरीस ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजासही मोकळीक मिळाली. ध्वज घरोघरी पोहोचावा, हे इष्टच. परंतु कापूस पिकविणाऱ्या प्रांताने ह्या सवलतीबद्दल हर्ष का मानावा, हे आम्हांस उमगत नाही.

ध्वजाचे सूत मोजण्यात दाखविलेली दक्षता कापसाची गाडी मोजताना का दिसू नये? हमीभावाच्या खरेदीत ओलावा शेकडा ८ हून अधिक निघाल्यास भाव कापला जातो, व १२ हून अधिक निघाल्यास माल परत जातो. नियम वाजवी असेल; पण ओलावा मोजणारे यंत्र शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर चालते काय? त्याची तपासणी कधी झाली, हे कोणी सांगते काय? अकोला व अमरावती येथील बाजार समित्यांनी यंत्राच्या व काट्याच्या तपासणीची तारीख खरेदीच्या जागी ठळक अक्षरांत लावावी, आणि शंका येताच दुसऱ्या यंत्रावर मोजून घेण्याचा हक्क शेतकऱ्यास द्यावा. आमच्या व्यापारी बंधूंनीच ही मागणी प्रथम करावी. ज्याचे माप चोख आहे, त्याचे ह्यात काहीएक जात नाही.