सुट्या रुपयाचा प्रश्न

एक रुपयाचे नाणे पाडण्यास एक रुपया अकरा पैसे खर्च येतो, ही गोष्ट २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारान्वये उघड झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण सरकारी टांकसाळीलाच लागू पडावी, यातील विनोद क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच : अशी नाणी पाडीत राहणे शहाणपणाचे आहे काय? अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक सेंटचे चलनी नाणे पाडणे थांबविले, तेव्हापासून या प्रश्नाला नवी धार आली आहे.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. नाणे ही एकदा विकून संपणारी वस्तू नव्हे. ते वर्षानुवर्षे टिकते, हजारो हातांतून जाते आणि प्रत्येक वेळी एक व्यवहार बिनचूक पुरा करते. त्या सेवेच्या मानाने अकरा पैशांची तूट नगण्य आहे. अट एकच, ते फिरले पाहिजे. घरातील डब्यात पडून राहिलेले नाणे केवळ धातू होय. त्याच्या जागी टांकसाळीला दुसरे पाडावे लागते, आणि खरा तोटा तेथे होतो.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढे महागाईने एकेक नाणे निकामी केले. चवली-पावली बाजारातून गेली, भाषेत मात्र राहिली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी कायद्याने रद्द झाली. त्यात गैर काही नव्हते. आधी सूचना दिली गेली, नाणी बदलून देण्याची सोयही झाली. पन्नास पैशांची गोष्ट मात्र निराळी आहे. कायद्याच्या दृष्टीने, दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी, ते आजही वैध चलन आहे. पण ते घेणारा दुकानदार शोधून सापडणे कठीण. सरकारने जे रद्द केले नाही ते गल्ल्यावर परस्पर रद्द झाले.

हीच गत आता रुपयाची होऊ पाहत आहे. 'सुटे नाहीत' म्हणून हातावर गोळी ठेवली जाते किंवा रुपया-दोन रुपये सोडून द्यावे लागतात. रक्कम लहान असते, म्हणून कोणी वाद घालीत नाही. पण हे सोडून देणे बहुधा गिऱ्हाइकाच्याच वाट्याला येते. मोबाइलवरून पैसे देणारा सत्तेचाळीस रुपयांच्या मालाला बरोबर सत्तेचाळीस रुपये देतो. रोख देणाऱ्या मजुराला वा वृद्धेला तोच माल पन्नासला पडतो. ज्याच्यापाशी कमी, त्याच्याकडूनच जास्त घेणारी ही अलिखित पट्टी आहे, आणि लहान नाण्याची खरी गरज येथेच आहे.

नाणे बंदच करायचे असेल तर ते कसे करावे, हे कॅनडाने २०१३ मध्ये दाखविले. तेथे सेंट वितरणातून काढून घेताना रोखीची एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटपर्यंत न्यावी, असा नियम ठरला. ती कधी वर जाते, कधी खाली येते. कार्डाने देणाऱ्यासाठी मात्र ती जशीच्या तशी राहते. असा नियम असला की रक्कम कोणत्या बाजूला न्यायची हे दुकानदाराच्या मर्जीवर राहत नाही.

आपल्याकडे पन्नास पैशांचे नाणे पुरेशी मुदत देऊन विधिवत निवृत्त करावे. रुपयाचे नाणे मात्र, वस्तूंच्या किमती एकेका रुपयाने सांगितल्या जात आहेत तोवर, राखलेच पाहिजे, आणि सुटी नाणी देण्यात बँकांनी हात आखडता घेऊ नये. नागरिकांकडूनही थोडी अपेक्षा आहे : डब्यातील नाणी बाजारात येऊ द्यावीत आणि हक्काचा रुपया संकोच न करता मागून घ्यावा. तो मागणे हा कद्रूपणा नव्हे. रुपयाचा हिशेब चोख ठेवण्याची सवय मोडली, तर पुढे दहाचाही कोणी विचारणार नाही.